आठ हजार पावलं आणि व्याह्यांची भिंत

एर्गशची अब्रू एका खुर्चीने घालवली.

एप्रिलमध्ये त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. कोकंद शहरात लग्नाचा पुलाव भल्या पहाटे वाढतात, आणि पाहुणे येऊ लागले की घरचे कर्ते पुरुष डोक्यावर दोप्पी, कमरेला रुमाल बांधून दारात रांगेने उभे राहतात. उजवा हात छातीवर, मान जराशी झुकलेली, आणि येईल त्याला "या, या, पायधूळ झाडलीत." हे तीन तास चालतं. यजमानाने या काळात खोकावं, घाम पुसावा, आचाऱ्यावर मनातल्या मनात चिडावं, सगळं चालतं. बसणं तेवढं चालत नाही. एर्गश चाळीस मिनिटं उभा राहिला. मग त्याच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय जागेवर आहेत की नाहीत तेच कळेना, आणि तो डुलायला लागलेला पाहून कुणीतरी मागून त्याच्या गुडघ्यांखाली खुर्ची सारली. पुढच्या दीडशे माणसांचं स्वागत त्याने बसून केलं. प्रत्येक जण वाकून, आजाऱ्याशी बोलायच्या आवाजात त्याची विचारपूस करत होता. एका म्हाताऱ्याने तर दोन्ही हात उचलून दुवाच मागितली. एर्गशचं वय चोपन्न होतं.

आणि ऑक्टोबरात त्याच्या धाकट्या लेकीचं, ओयदिनचं लग्न ठरलेलं होतं.

"साखर आहे," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. "बरीच आहे. काम काय करता?"

"जमीन-मोजणी कचेरीत असतो."

"मग चालणं होत असेल की."

"चालतात ते मोजणीदार. ते आकडे आणतात, मी नकाशावर चढवतो. सव्वीस वर्षं झाली." हे सांगताना एर्गशला नेहमी थोडा अभिमान वाटत असे. त्या दिवशी वाटला नाही.

"दिवसाला आठ हजार पावलं," बाई म्हणाल्या. "औषध देते, पण पायांना पायच वाचवतील. नाहीतर लेकीच्या लग्नात दारात उभं राहायचं विसरा."

बाईंनी हे सहज म्हटलं होतं. एर्गशच्या मात्र ते काळजात जाऊन बसलं. ओयदिनचा सासरा दारात येतोय, सगळं शहर बघतंय, आणि आपण खुर्चीवरून हात उंचावतोय, हे चित्र त्याला जेवताना दिसायला लागलं. जेवण मात्र त्यामुळे कमी झालं नाही.

ओयदिनने त्याच्या फोनमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली. पहिल्या दिवशी सहाशे अकरा झाली, त्यातली दोनशे फोन कुठे ठेवला ते शोधण्यात. दुसऱ्या दिवशी उकडत होतं. तिसऱ्या दिवशी धूळ होती. चौथ्या दिवशी हवा उत्तम होती, पण इतक्या चांगल्या हवेत घर सोडून जाणं त्याला बरं वाटेना. पाचव्या दिवशी बूट चावला. बायको इनोयत हे सगळं पाहत होती.

"तुमचे बूट अजून दुकानातल्यासारखे आहेत," ती म्हणाली. "त्यांनी कुणाला चावायचं म्हटलं तरी दात कुठे आलेत?"

सहाव्या दिवशी शेजारची सून तान्ह्याला पाळण्यात झोपवत होती. एर्गशने "मी झुलवतो" म्हणून तासभर पाळणा हलवला आणि फोन मनगटाला बांधून ठेवला. अकराशे पावलं झाली. पोर इतकं गाढ झोपलं, की सातव्या दिवशी शेजारीण त्याला बोलवायलाच आली. मग इनोयतने फोन मनगटावरून सोडवून त्याच्या खिशात घातला आणि त्याला अंगणाच्या दाराबाहेर उभं करून आतून कडी लावली.

आता खरी अडचण सुरू झाली. ज्याला मोहल्ला माहीत आहे त्याला सांगायला नको, की मोहल्ल्यात माणूस उगाच चालत नाही. भरभर चालला तर समोरचा विचारतो, "कोण गेलं?" एर्गशने पहिल्या शंभर पावलांत तीन माणसांना पटवलं की कुणी गेलेलं नाही, आणि चौथा तर मयताला जायचे कपडे घालूनच बाहेर आला. बरं, सावकाश चालावं, तर त्याचा अर्थ माणूस मोकळा आहे. आणि मोकळ्या माणसाला दारावरून तसंच जाऊ देणं म्हणजे त्या घराला काळिमा. "एर्गश-अका, दोन घोट घेऊन जा." दोन घोटांबरोबर नान येते, जर्दाळूचा मुरंबा येतो, हलवा येतो, आणि भट्टीतून नुकतेच खिम्याचे सोम्से निघालेले असले तर देवाची करणीच म्हणायची. चारशे पावलांच्या टप्प्यात पाच दारं होती. महिन्याने तपासणी केली तेव्हा साखर वर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. चालण्याने साखर वाढलेला त्यांच्या हातचा हा पहिलाच रोगी होता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे होशिम-अका जनावरांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि माणसांविषयी त्यांचं मत फार चांगलं नव्हतं. "अरे, चाळीस वर्षं मी जनावरं पाहिली," ते म्हणाले. "कुठलंही जनावर उगाच चालत नाही. तिकडे पाणी हवं, चारा हवा, नाहीतर मागे लांडगा हवा. तुझ्याकडे काय आहे? फोन." दुसऱ्या कुणी सांगितलं, हातात रिकामी बादली घे, म्हणजे कामाला निघालास असं वाटेल. त्याने घेतली. पण रिकामी बादली आडवी जाणं अशुभ, त्यामुळे लोक त्याला पाहून गल्ली बदलायला लागले. दोन दिवस चालणं झकास झालं. तिसऱ्या दिवशी परीक्षेला निघालेल्या एका मुलीच्या आईने ती बादली हातातून ओढून घेतली, आणि तिने एवढ्या लोकांसमोर जे शब्द वापरले ते एर्गशने घरी सांगितले नाहीत.

शेवटी त्याने कालव्यापलीकडची वाट धरली. पलीकडच्या मोहल्ल्यात त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं, म्हणजे चहा नाही. गल्ली लांब, सरळ, दोन्हीकडे मातीच्या भिंती. एकच धोका होता. गल्लीच्या टोकाला नुसरतचं घर होतं, आणि नुसरत म्हणजे ओयदिनचा होणारा सासरा. लग्नाआधी व्याही दारावरून जाताना सापडला तर चहावर थोडंच भागतं? बोकड कापला असता. म्हणून नुसरतची भिंत जिथे सुरू होते तिथल्या विजेच्या खांबापाशी एर्गश थांबायचा, खिशातून वही काढून फोनवरचा आकडा लिहायचा आणि मागे वळायचा. फोनची बॅटरी कधी मान टाकेल याचा भरवसा नव्हता. शिवाय सरकारी माणसाला नोंद न केलेली गोष्ट घडली असं वाटतच नाही. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. मे गेला, जून गेला. जायचं जिवावर यायचं, पण ती खुर्ची आठवली की पाय बुटात शिरायचे. जुलैत एकदा डाव्या पायाच्या अंगठ्याला खडा टोचला. दुखलं. एर्गश रस्त्यात उभा राहून हसला, कारण तो अंगठा गेलं वर्षभर काही बोललाच नव्हता.

हे असं चांगलं चाललं असताना, ऑगस्टच्या एका संध्याकाळी नुसरत घरी आला. इनोयतने खाण्याचा दस्तरखान पसरला. नुसरतने नानला हात लावला नाही.

"व्याहीबुवा," तो म्हणाला, "माझी भिंत वाचवलीत, उपकार झाले."

"कुठली भिंत?"

"आता आपसांत कशाला लपवायचं? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. जमीन-मोजणीतला माणूस तीन महिने रोज येतो, पावलं मोजतो, माझ्या भिंतीपाशी थांबतो, वहीत आकडा घालतो आणि परत जातो. रस्ता रुंद होणार. सगळ्यांच्या भिंती पडणार, आणि नुसरतची राहणार, कारण त्याची सून मोजणीवाल्याची लेक."

एर्गशला हसावं की रडावं कळेना. त्याने फोन दाखवला, साखरेचे कागद दाखवले, जीभसुद्धा दाखवली असती.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," नुसरत म्हणाला, म्हणजे ठेवत नव्हता. "पण लग्न मी एकट्याने करू? कढया मोहल्ल्याच्या, बाकं मोहल्ल्याची, पाहुणे बसवायचे ते शेजाऱ्यांच्या अंगणांत. काल कढया मागायला गेलो तर म्हणाले, 'तुझ्या व्याह्याकडून मोजून आण.' कुणी रंग देत नाही, कुणी दार दुरुस्त करत नाही, पडायचंच आहे तर कशाला म्हणून. माझी भिंत राहील हो. पण त्या भिंतीआड मी आणि माझी बायको, दोघंच पुलाव खाऊ." तो उठला, दाराशी गेला आणि मागे न वळता म्हणाला, "हे मिटेपर्यंत लग्नाची तारीख धरून चालू नका."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ओयदिनच्या हातून किटली सुटली होती.

कालव्यापलीकडच्या मोहल्ल्याच्या अध्यक्षांनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं. "मला पटतं," ते म्हणाले, "पण लोकांना कागद लागतो. आपण कोणत्याही हेतूशिवाय चालता, असा दाखला आणा."

हेतूशिवाय चालण्याचा दाखला कोण देतं? एर्गश दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी शिक्का मारून लिहून दिलं, "सदर इसमाने रोज आठ हजार पावलं चालणं अत्यावश्यक आहे." हा कागद चहाखान्यात वाचला गेला तेव्हा म्हातारे एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. शिक्का सरकारी होता. म्हणजे सरकारनेच चालायला पाठवलंय, आणि किती चालायचं तेही नेमून दिलंय.

मग तो आपल्याच कचेरीत साहेबांपुढे उभा राहिला आणि रुंदीकरणाची काही योजना नाही, असं लेखी मागितलं.

"रुंदीकरण असतं तर आहे असा दाखला दिला असता," साहेब म्हणाले. "नाही असा कसा देऊ? नाहीला फाईल कुठे आहे? आज तू रुंदीकरण नाही म्हणून मागशील, उद्या कुणी विमानतळ नाही म्हणून मागेल." तरी त्यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीकडे पाहून अर्ज ठेवून घेतला आणि शेरा मारला, "तपासून पाहावे." तपासायला दोन मोजणीदार निघाले. ते फीत घेऊन त्याच गल्लीत आले. त्यानंतर त्या मोहल्ल्यात एर्गशच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नाही.

घरी तो दोन दिवस बाहेर पडला नाही. बूट दारात उलटे पडले होते. "झालं तेवढं पुरे," तो म्हणाला. "बसून होतो तेव्हा कुणाचं वाटोळं केलं नव्हतं मी. सव्वीस वर्षं बसलो, एक तक्रार नाही."

इनोयतने बूट सरळ करून ठेवले. मग म्हणाली, "पोरगी जेवत नाहीये."

दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या चहाखान्यात गेला. तुतीच्या सावलीत म्हातारे बसले होते, मध्ये सगळ्यांत वडीलधारे कंबर-ओता. वय एक्याऐंशी, आणि त्यांच्या शब्दाबाहेर त्या मोहल्ल्यात कोंबडंही आरवत नसे. एका कोपऱ्यात नुसरत एकटाच होता. एर्गशने घरून भाषण तयार करून आणलं होतं. त्यात "नागरी जबाबदारी" होती आणि "गैरसमजाचं वातावरण" होतं. तो उभा राहिला आणि त्याला त्यातला एक शब्द आठवेना. मग त्याने खाली बसून बूट काढला. मोजा काढला. त्या भल्या माणसांसमोर, जिथे नान ठेवलेली होती त्यापासून हातभर अंतरावर, त्याने आपला पाय उघडा केला.

"एप्रिलमध्ये या पायाला जमीन कळत नव्हती," तो म्हणाला. "पुतण्याच्या लग्नात मला दारात खुर्ची दिली. तुमच्यातलेही होते तिथे, तुम्ही पाहिलंय. मला रस्ता नको, भिंती नकोत, तुमची एक वीटसुद्धा नको. मला माझ्या लेकीच्या लग्नात दारात उभं राहायचंय. आमच्या मोहल्ल्यात चहा पाजतात म्हणून इकडे येत होतो. नुसरतच्या दारापाशी वळायचो, कारण त्याने पाहिलं असतं तर जेवायला बसवलं असतं. संपलं. आणखी काही नाही माझ्याकडे."

कंबर-ओता त्या पायाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"आता कळते का जमीन?" त्यांनी विचारलं.

"थोडी. डाव्याला जास्त."

"माझ्या उजव्याला सहा वर्षांत कळलेली नाही," म्हातारा हळूच म्हणाला. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाने चमकून वर पाहिलं. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. "बूट घाल. उद्या सकाळी मी येतो तुझ्याबरोबर. रस्ता मोजतोस की काय करतोस, ते मला चालल्यावर कळेल."

सकाळी एकटे कंबर-ओता आले नाहीत, अकरा जण आले. काही जण अजून संशयाने, काही जण कंबर-ओता कुठे पडले तर उचलायला, आणि दोघं खालच्या आवाजात एर्गशला "तुमची किती आहे?" असं विचारत. म्हातारे चालतात म्हणजे काय, ते दर तिसऱ्या झाडाखाली उभे राहून ते झाड कुणी लावलं यावर वाद घालतात. आठ हजारांना अडीच तास लागले. वाटेत दारं उघडायला लागली, "ओता, दोन घोट" सुरू झालं. कंबर-ओतांनी काठी वर केली. "परत येताना," ते म्हणाले. परत येताना पुन्हा म्हणाले, "जाताना." तिसऱ्या दिवशी गल्लीत कुणीतरी भिंतीला चुना लावताना दिसलं. पाचव्या दिवशी नुसरतकडे कढया पोचल्या. सप्टेंबरभर एर्गशने एकही दिवस चुकवला नाही, आणि खरं सांगायचं तर तो गुण त्याचा नव्हता. सकाळी सहाला अकरा म्हातारे दारात उभे राहून खाकरले की कुणीही उठेल.

ऑक्टोबरच्या एका पहाटे एर्गश आपल्या दारात उभा राहिला. मागे होशिम-अका उभे होते, काही लागलंच तर सावरायला, पण त्यांनी हात पाठीमागे बांधून ठेवले होते. वाद्यं वाजली, पाहुणे आले. कालव्यापलीकडचा अख्खा मोहल्ला आला, बोलावलेले आणि न बोलावलेले, आणि आचाऱ्याला तिसरी कढई चढवावी लागली. प्रत्येक जण हात मिळवल्यावर डोळे खाली नेऊन एकदा त्याच्या पायांकडे बघत होता. नुसरतने मिठी मारताना कानात विचारलं, "बसता का जरा?" एर्गश म्हणाला, "व्याहीबुवा, तुम्ही दमला असाल तर आत जागा आहे." पावणेचार तास तो उभा होता. पाय दुखत होते, अगदी बोटांपर्यंत, आणि इतकं छान त्याला कधी दुखलं नव्हतं. संध्याकाळी ओयदिन पांढऱ्या ओढणीखाली निरोप घ्यायला आली तेव्हाही तो उभाच होता. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मग त्याला काही दिसेनासं झालं.

आणि मग सगळं संपलं. डॉक्टरीणबाई खूश होत्या, पण लग्न झालेलं होतं. थंडी पडली, म्हाताऱ्यांनी शेगडी सोडायचं नाकारलं. सकाळी सहाला दारात कुणी खाकरत नव्हतं. घरात ओयदिनची खोली तशीच होती, आणि त्या खोलीपर्यंत बारा पावलं होती. एर्गश दिवसातून तेवढीच चालायचा. सासरी जायची सोय नाही. व्याह्यांकडून रीतसर बोलावणं आल्याखेरीज मुलीच्या बापाने त्या उंबऱ्यावर पाऊल टाकायचं नसतं, आणि बोलावणं यायला अजून अवकाश होता.

"नवी सून उजाडायच्या आत उठून दारापुढचा रस्ता झाडते," आठवड्याने इनोयत त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सगळीकडेच झाडतात. आणि रस्ता काही व्याह्यांचा नाही."

दुसऱ्या दिवशी तो निघाला. नुसरतच्या भिंतीपर्यंत जाणं आता शोभलं नसतं, म्हणून तो अलीकडे, गल्लीत शिरायच्या वळणावर, नानवाल्याच्या भट्टीपाशी थांबला. अकरा घरांपलीकडे एक लाल रुमाल वाकून झाडत होता. रुमाल ताठ झाला. इकडे पाहिलं. ओयदिनने झाडू खाली ठेवला, हात छातीवर नेला आणि नव्या सुनेने करावा तसा वाकून सलाम केला. एर्गशने हात छातीवर ठेवला. बोलणं ऐकू जाण्याइतके ते जवळ नव्हते. तो वळला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या घरापुढचंही झाडलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पलीकडच्या घरापुढचं. नुसरतची बायको पाण्याच्या नळावर सांगत सुटली, की अशी सून सगळ्या शहरात सापडायची नाही, दुसऱ्यांची दारंसुद्धा झाडते. गल्लीतल्या इतर सासवांनी आपापल्या सुनांकडे पाहायला सुरुवात केली आणि त्या सुनांनी ओयदिनकडे. पण ती कुणाकडे बघत नव्हती; रोज एक घर पुढे येत होती. नानवाला भट्टी पेटवता पेटवता मोजत होता. आठ राहिली, सात राहिली.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी ती वळणापर्यंत आली. गाल लाल झाले होते, तळहाताला फोड आले होते. तिच्या मागे अकरा घरांपुढचा रस्ता स्वच्छ पडला होता.

"बाबा," ती धाप टाकत म्हणाली, "माझे हात मोडून आले. उद्यापासून थोडं तुम्ही पुढे येत जा."